परीच्या कैरोत एक रात्र

"नाना, काळात मागं नेणारं यंत्र मिळालं तर तुम्ही कुठे जाल?"

नातीचा हा प्रश्न इफ्तारनंतरचा. जावयांनी लगेच कुर्तुब्याचं तिकीट काढलं. लेकीला तिच्या नानीच्या अंगणात जायचं होतं. आमची पाळी आली तेव्हा आम्ही म्हणालो, "पॅरिस. १७ जुलै १८४३. बॅले बघायला."

नात खळखळून हसली, जावई हसले नाहीत. आमच्या घरात नाच हा शब्द आजही जरा हळूच उच्चारतात. अब्बांच्या वेळी तर तोही उच्चारत नसत. पण जुन्या बाजारात मिळालेल्या एका पुस्तकात आम्ही मारी तालिओनीचं चित्र पाहिलं होतं. पांढऱ्या झग्यातली ती बाई एका पायाच्या बोटांवर अशी उभी होती, की तिला जमिनीची गरज फक्त रीत म्हणून असावी. तेव्हापासून हे वेड डोक्यात होतं. त्या रात्री तरावीहहून आलो, उशीला पाठ टेकली आणि निघालो.

ल पेलेतिए रस्त्यावरचं ऑपेराचं थिएटर. वायूचे दिवे फुरफुरत होते. इथंच १८३२ साली तालिओनीनं 'ला सिल्फिद' नाचून युरोपाला वेड लावलं आणि १८४१ साली कार्लोत्ता ग्रिसीनं 'जिझेल'. त्या हवेत तरंगण्यामागचं गुपित आम्ही आधीच वाचलं होतं. बाप रोज सहा सहा तास मुलीकडून मेहनत करून घेई. आणि बूट म्हणजे आजच्यासारखे कडक टोकाचे नव्हेत. नुसती मऊ साटीन, टोकाला दोऱ्यानं रफू केलेली. बाकी सगळा भार बोटांवर आणि घोट्यांवर.

आजचा खेळ होता 'ला पेरी'. पेरी म्हणजे आपली परी! फारसीतून मराठीत आलेला हा शब्द तिकडे फ्रेंच लोकांच्या तोंडीही पोचलेला पाहून आम्हाला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. पडदा वर गेला आणि समोर कैरो. म्हणजे त्यांचं कैरो. गाद्यागिरद्या, गुलाम बायका आणि मधोमध अहमद नावाचे आमचे बंधू. त्यांना सगळ्याचा कंटाळा आलेला. मग अफूची नळी, अफूचं स्वप्न आणि त्या स्वप्नात परी. या अहमदमियाँना काही कामधंदा असल्याचं शेवटपर्यंत दिसत नाही.

ही कथा लिहिली तेओफील गोतिए या कवीनं. 'जिझेल'च्या कथेतही त्याचा हात होता. माणूस गुणी. पण १८४३ पर्यंत त्यानं कैरो पाहिलंच नव्हतं. अल्जिरियाला तो १८४५ मध्ये गेला, इस्तंबूलला १८५२ मध्ये आणि इजिप्तला थेट १८६९ मध्ये. कैरो आधी लिहून झालं, पाहणं मागाहून.

त्याच्याआधी १८३३ साली याच रंगमंचावर ग्रनाडाच्या सुलतानाच्या जनानखान्यातल्या बायकांनी बंड केलं होतं. नायिका तालिओनी. ज्या ग्रनाडाचं नाव घेताना आमच्या अब्बांचा आवाज घोगरा व्हायचा, तिथलं यांना नेमकं काय दिसलं, तर स्नानगृह.

आम्ही खुर्चीत चुळबुळत होतो. ही चुळबुळ ओळखीची होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात अफझलखान व्हायची पाळी दरवर्षी आमच्यावरच येई. "तुला शोभतं रे," असं सर मायेनंच म्हणत. अम्मीनं जुन्या पडद्याचा चोगा शिवून त्याला गोटा लावला होता. पोटात वाघनखं खुपसली की आम्ही फार छान पडायचो. इतकं छान की वन्स मोअर मिळायचा आणि आम्ही उठून पुन्हा मरायचो. अम्मी शेवटच्या रांगेत असे. तिनं टाळ्या वाजवल्या की नाही, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही.

मनात आलं, उठून जावं. तेवढ्यात कार्लोत्ता ग्रिसीनं उडी घेतली. उंच चौथऱ्यावरून, ढगातून घ्यावी तशी, खाली उभ्या अहमदच्या, म्हणजे ल्युसियाँ पेतिपाच्या हातांत. क्षणभर ती कुणाचीच नव्हती. ना पॅरिसची, ना कैरोची. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मनापासून, हात दुखेपर्यंत.

शेवटी अहमद मरतोच. पण त्याला परीसोबत जन्नत मिळते, एवढी सोय गोतिएनं ठेवली आहे. अफझलखानाला तीही नव्हती.

खेळानंतर मागच्या दालनात डोकावलो. इथं वर्गणीदार श्रीमंत पुरुषांना नर्तकींना भेटायची मुभा होती. १८३१ नंतर व्हेराँ नावाच्या संचालकानं ती चाल पाडली. भिंतीशी कोवळ्या शिकाऊ मुली उभ्या, गरीब घरांतल्या. त्यांना तिथं 'उंदीर' म्हणत. काळे कोट घातलेले गृहस्थ त्यांच्याकडे निवांत बघत होते. जनानखाना शोधायला या मंडळींना कैरोपर्यंत जायची काहीच गरज नव्हती.

परतताना यंत्र दोनदा थांबवलं. पहिल्यांदा १८३८ मध्ये, व्हरायटी थिएटरपाशी. पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी तिथं नाचत होत्या. त्यांच्यातली एक अमनी. पाय अनवाणी, सोबत आपले वाजंत्रीवाले. तिच्यावर गोतिएनं भरभरून लिहिलं आणि बार नावाच्या शिल्पकारानं तिची छोटी मूर्ती घडवली. म्हणजे पूर्वेकडची हाडामांसाची बाई पाच वर्षं आधीच त्याच्यासमोर नाचून गेली होती! तरी परी अफूच्या धुरातूनच आली.

दुसऱ्यांदा १५ नोव्हेंबर १८६२ ला, पुन्हा ल पेलेतिएमध्ये. तालिओनीची लाडकी शिष्या एम्मा लिव्ही तालमीला आली होती. वय वीस. झगे पेटू नयेत म्हणून ते रसायनात बुडवायची पद्धत तेव्हा निघाली होती, पण त्यानं कापड मळकट आणि ताठ दिसे म्हणून तिनं नकार दिला होता. बसताना झगा फुलवला आणि तो वायूच्या दिव्याला लागला. आम्ही ओरडलो, पण काळातल्या पाहुण्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. पुढचे आठ महिने ती तळमळत जगली आणि जुलै १८६३ मध्ये गेली. तिच्या झग्याचे जळके तुकडे पॅरिसच्या ऑपेरानं जपून ठेवले आहेत. आमचा चोगा अम्मीनं पुढे उशांच्या खोळींना वापरला.

सहरीला नातीनंच हलवून जागं केलं.

"नाना, जाऊन आलात? कशी होती परी?"

"उडी सुंदर होती," आम्ही म्हणालो आणि पाण्याचा पेला मागितला. अजानला दहा मिनिटं उरली होती.