उत्तनच्या भिंतीवर लाटा

मुलांनो, भाईंदर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? लोकलची गर्दी आणि उंच उंच इमारती, हो ना? पण एकदा स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि उत्तनची बस पकडा. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडतात. मिठागरे लागतात, तिवरांची झाडी लागते. मग डोंगरी येते. खिडकीतून सुक्या बोंबलांचा वास आत शिरला की समजावे, उत्तन आले. नाक मुरडू नका बरं का! याच वासावर इथली घरे चालतात.

माझ्या वर्गातली काही मुले उत्तनच्या कोळीवाड्यातली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात आणि बाबा मंडळी जाळी दुरुस्त करत घरीच असतात. अशाच एका जुलैच्या संध्याकाळी आम्ही तिथे सिनेमा दाखवला. एका घराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने लॅपटॉप अन् प्रोजेक्टर आणला. सिनेमा होता सर्फिंगचा, म्हणजे लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याच्या खेळाचा.

ही कल्पना काही माझी नव्हे. अमेरिकेत ब्रूस ब्राऊन नावाचे गृहस्थ सर्फिंगचे चित्रपट काढत, ते गावोगावच्या सभागृहांत नेत आणि स्वतः उभे राहून गोष्ट सांगत. आपल्याकडच्या तंबूतल्या सिनेमासारखेच झाले की! पुढे सांडपाण्याने लाटा घाण होऊ लागल्या, तेव्हा हे खेळाडूच चिडले. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९९० मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये त्यांनी समुद्र वाचवण्यासाठी संस्था काढल्या. अशी मंडळी सिनेमा दाखवतात, गाणे-बजावणे ठेवतात आणि तिकिटांचे पैसे समुद्राच्या कामाला लावतात. आपल्या देशातही कर्नाटकात मुल्कीला २००४ पासून सर्फिंगचा क्लब आहे.

आमच्याकडे गाण्याऐवजी लग्नात वाजणारा ब्रास बँड होता. पावसाची सर आली तेव्हा ढोल पोटाशी धरून वादक पडवीत पळाले आणि तिथूनच वाजवू लागले. चादरीवर निळीशार लाट उठली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक आजी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "जाल नाय, बोट नाय, मंग दर्यान कशाला जातान?" याचे उत्तर मला देता आले नाही!

आता उत्तनच्या जाळ्याविषयी सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. इथले मुख्य जाळे डोल. सदऱ्याच्या बाहीसारखे, तोंड मोठे आणि शेपूट निमुळते. ते समुद्रात एका जागी पक्के बांधतात. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून जोराने वाहते आणि बोंबील, जवळा शेपटात अडकतात. म्हणजे पाहा, हे जाळे माशांच्या मागे धावत नाही. पाणी जे आणील ते घेते. पूर्वी पाणी मासे आणी. आता सोबत पिशव्या, वेष्टने, फाटक्या चपला आणते. माझा एक विद्यार्थी सांगत होता, "बाई, कधी कधी बाबा मासे निवडत नाहीत, कचऱ्यातून मासे शोधतात."

केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरातल्या मच्छीमारांनी २०१७ पासून जाळ्यात आलेले प्लास्टिक परत न टाकता किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली. तिथे ते स्वच्छ करून त्याचा चुरा रस्ते बांधायला वापरतात. हे मी वर्गात सांगितले आणि पोरे हट्टाला पेटली. सिनेमाचा घाट घातला तो त्यासाठीच. डबा फिरवला. पैसे मोजायला पाच मिनिटेही लागली नाहीत, इतके ते थोडे! त्यातून गोण्या आणि हातमोजे आले. ऑगस्टमध्ये होड्या निघाल्या तेव्हा ज्यांनी हो म्हटले त्यांच्या होडीत एकेक गोणी ठेवली. सगळ्यांनी हो म्हटले नाही. "होडीत जागा माशांना पुरत नाही, बाई," असे एक काका म्हणाले आणि ते काही खोटे नव्हते.

गोण्या भरून येऊ लागल्या. पोरे धक्क्यावर त्या मोजायला धावत. पण चौथ्या की पाचव्या दिवशी त्याच विद्यार्थ्याने मला थांबवले. मीरा-भाईंदर शहराचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्याच धावगी डोंगरावर नेला जातो, हे त्याला ठाऊक होते. डोंगराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बाई, या गोण्यासुद्धा तिकडेच जाणार ना? आणि पावसात तिथून वाहून पुन्हा बाबांच्या जाळ्यात?"

त्या दिवशी आम्ही गोण्या डोंगरावर जाऊ दिल्या नाहीत. पोरांनी त्यातल्या बाटल्या वेगळ्या करून भंगारवाल्याला दिल्या. पिशव्या आणि वेष्टने मात्र त्याने परत केली. ती अजून शाळेच्या मागच्या पडवीत पडून आहेत. पुढच्या जुलैत सिनेमा कोणता लावायचा याची वर्गात चर्चा सुरू आहे, पण त्याआधी प्लास्टिकचा चुरा करणारे यंत्र केवढ्याला मिळते, याची चौकशी करायचे काम दोन मुलींनी अंगावर घेतले आहे.