औलीची वही

समुद्रकाठच्या आम्हा वसईकरांना बर्फ ठाऊक तो मासळीच्या पेटीतला. तरीही २०२२ च्या नाताळात, फराळाचे डबे बाजूला सारून, आम्ही जेवणाच्या टेबलावर हिमालयाचा नकाशा पसरला. धाकट्या लेकीला स्कीइंग शिकायचे होते. पत्नीने त्यासाठी दोन वर्षे भिशीचे पैसे राखून ठेवले होते.

बेत ठरला तो उत्तराखंडातील औलीचा. जानेवारी-फेब्रुवारीत तेथील अडीच ते तीन हजार मीटर उंचीवरचे उतार बर्फाने झाकले जातात. नवशिक्यांसाठी वर्ग चालतात. २०११ सालच्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील स्कीइंगच्या शर्यतीही तेथेच झाल्या. हरिद्वारपर्यंत आगगाडी, पुढे दिवसभराचा घाटरस्ता, जोशीमठात मुक्काम आणि तेथून चार किलोमीटरचा रोपवे. लेकीने निळ्या वहीत यादी केली : लोकरीचे आतले कपडे, पाणी न शिरणारे हातमोजे, काळा चष्मा, स्की आणि बूट भाड्याने. पहिला दिवस विश्रांतीचा, कारण उंचीवर दम लागतो. जोशीमठातील एका घरातली खोली ठरवून आगाऊ पैसेही धाडले.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या पंधरवड्यात वर्तमानपत्रांतून तेच गाव समोर आले. जमीन खचत होती, ८०० हून अधिक घरांना तडे गेले होते, रोपवे बंद झाला होता. हे गाव जुन्या दरडीच्या दगडमातीवर वसलेले आहे, तेथे मोठी बांधकामे टाळावीत, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच बजावले होते. आम्ही बर्फाची जाडी विचारली होती, खोलीत गरम पाणी मिळेल का तेही विचारले होते. गाव कशावर उभे आहे, हे विचारणे आम्हांला सुचलेही नव्हते.

मी फोन केला. सांगताना संकोच वाटतो, पण मनात पहिला विचार आगाऊ रकमेचाच होता. पलीकडून घरमालकीण म्हणाली, "भाईसाहब, पैसे लौटा देंगे. अभी हम लोग स्कूल में सो रहे हैं." आमच्या सहलीचा खोळंबा झाला म्हणून तिने माफीही मागितली.

मला उत्तर सुचेना. लेकीने फोन माझ्या हातून घेतला. "आंटी, पैसे रहने दीजिए," एवढेच ती बोलली आणि आत गेली. सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. सहल बुडाली म्हणून की त्या बाईंसाठी, हे मी विचारले नाही. कदाचित तिलाही ते सांगता आले नसते.

वही अजून कपाटात आहे. हातमोजे-चष्म्याच्या वर, कोऱ्या राहिलेल्या समासात, लेकीने नंतर एक ओळ लिहिली आहे : 'आधी तिथल्या माणसांची चौकशी.' डोंगरात जाण्याचा बेत आम्ही सोडलेला नाही. दर नाताळात ती त्या बाईंना फोन करते. घराची विचारपूस आधी होते, बर्फाची शेवटी.