दात, पाणी आणि घाई

रमजानच्या आधी माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगी बी.एड. झालेली, घरकामात तरबेज, बोलायला मोकळी. चहापाणी झालं, पाहुणे हसतमुखाने गेले. दोन दिवसांनी मध्यस्थ खालांचा फोन आला, "लडकी अच्छी हय. बस, दाँतों का कुछ कर लो."

पुतणीच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे आणि खडूसारखे पांढरे ठिपके आहेत. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. ती हसताना ओढणीचा पदर तोंडावर घेते, याला आम्ही तिचा लाजाळूपणा समजत होतो. फोन आल्यानंतर आठवडाभरात तिने मीठ, लिंबू आणि खायचा सोडा यांचे सगळे प्रयोग करून पाहिले. पट्टे तसेच राहिले आणि थंड पाणी दातांना झोंबायला लागलं. लिंबाच्या आम्लाने दाताचं वरचं कवच मऊ पडतं आणि त्यावर सोडा घासला की ते झिजतं. गेलेलं कवच परत येत नाही. हे आम्हाला नंतर कळलं.

भाईजान ड्युटीवर असायचे, म्हणून तिला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. नगरमधल्या पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटांत निकाल लागला. खुर्चीत बसायचं, हिरड्यांवर संरक्षक लेप लावायचा, दातांवर तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड, साधारण 35 ते 40 टक्क्यांचं, दोन-तीन वेळा ठेवायचं आणि वरून निळा दिवा. तासाभरात काम. सांगितलेला आकडा ऐकून मी गप्प झालो, पण मनातून मला तेच हवं होतं. ईदनंतर पाहुणे पुन्हा येणार होते.

भाभींच्या आग्रहाने दुसरं मत घेतलं. त्या डॉक्टरबाईंनी आधी दात बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाळा, लहानपण कुठे गेलं तुझं? पाणी कुठलं प्यायचीस?"

भाईजान एसटीत ड्रायव्हर. त्यांची नऊ वर्षं यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याला गेली. पुतणीचा जन्म तिथलाच. घराशेजारी हातपंप होता आणि सगळी गल्ली त्याचंच पाणी प्यायची. यवतमाळच्या अनेक गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दातांवर असे डाग कायमचे उमटतात. यात ब्रश न करण्याचा काही संबंध नसतो. भाभी हे ऐकून रडल्या. इतकी वर्षं त्या मुलीला "नीट घास" म्हणून ओरडत होत्या.

मग डॉक्टरबाईंनी दोन्ही रस्ते समजावून सांगितले. चहा, पान, तंबाखू यांचा थर दातावर बाहेरून बसतो. तो मिस्वाकने, ब्रशने किंवा दवाखान्यात सफाई करून निघतो. आतला रंग मात्र पेरॉक्साइडनेच उतरतो. ते खुर्चीत लावा नाहीतर घरी, काम करणारं रसायन एकच. घरच्या पद्धतीत दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात. त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल थेंब थेंब घालून तो रात्री लावून झोपायचं. त्यातून मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपास. साध्या पिवळेपणाला दोन-तीन आठवडे पुरतात, हट्टी डागांना जास्त. ही पद्धत 1989 साली अमेरिकेत शास्त्रीय नियतकालिकात छापून आली आणि तेव्हापासून जगभर वापरात आहे. शेवटी दोन्हींचा रंग जवळपास सारखाच येतो.

"मग लोक खुर्चीसाठी जास्त पैसे का देतात?" मी विचारलं.

"वेळ नसतो म्हणून," त्या म्हणाल्या. "खुर्चीतून उठल्याबरोबर दात फार पांढरे दिसतात, कारण ते तेवढा वेळ कोरडे पडलेले असतात. चार दिवसांत थोडा रंग परत येतो. निळ्या दिव्याने फारसा फरक पडत नाही. झोंबणं दोन्हीकडे होतं, पण तीव्र औषधाने जास्त. हिचे दात आत्ताच झोंबताहेत. शिवाय हिचे पांढरे ठिपके या दोन्हींपैकी कशानेच जाणार नाहीत, सुरुवातीला ते उलट जास्त उठून दिसतील. एका तासात हे होतं असं मी सांगणार नाही."

मी तरीही म्हणालो, "पण पाहुणे ईदनंतर..."

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. "चाचा, जल्दी किसको हय?"

मला उत्तर देता आलं नाही. घाई मलाच होती. पाहुण्यांसमोर भावाच्या मुलीत काही उणं दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परतताना मला दादी आठवली. तिच्या तरुणपणी लग्न झालेल्या बाईने दातांना मिस्सी लावून ते काळे करणं हा शृंगार होता. पुढे मिस्सी मागे पडली आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री हाताला लागली, ती मरेपर्यंत सुटली नाही. एकाच घरात दादीचे काळे दात सौभाग्याचे ठरले आणि नातीचे तपकिरी दात रिश्त्याच्या आड आले.

भाभींना आणखी एक शंका होती. सुंदर दिसण्यासाठी दात कानसून त्यांत फटी पाडण्याची हदीसमध्ये मनाई आहे, हे त्यात बसतं का? आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी सांगितलं की दाताचा आकार बदलणं वेगळं आणि डाग काढणं वेगळं. त्यांनी उलट पुतणीला विचारलं, "तुला स्वतःला हवंय ना?"

तिने हो म्हटलं, पण ईदनंतर, आणि घरच्या ट्रेने. आधी डॉक्टरबाईंनी झोंबणं कमी व्हायची पेस्ट दिली, एक किडलेली दाढ भरली. मग तपकिरी पट्ट्यांवरचा अगदी पातळ थर औषधाने घासून काढला. त्यानंतर सहा आठवडे ट्रे. दात झोंबले की एक रात्र सोडायची. तपकिरी पट्टे फिकट पिवळे झाले, पांढरे ठिपके राहिले. सगळा खर्च पहिल्या दवाखान्याच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला. ज्यांना तेवढाही झेपत नाही, त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात लोणी आणि संगमनेरला दंत महाविद्यालयं आहेत, तिथे जाऊन विचारावं. दुकानातून किंवा मोबाईलवरून मागवलेलं जेल मात्र तपासणीशिवाय लावू नये. युरोपात 2012 पासून 0.1 टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी औषधं दंतवैद्यामार्फतच मिळतात आणि अठरा वर्षांखालच्यांना देत नाहीत.

पाहुणे ईदनंतर आले तेव्हा ट्रेचा तिसरा आठवडा चालू होता. पुतणीने चहा ठेवला आणि मुलाच्या अम्मींना स्वतःच सांगितलं की हे पाण्यामुळे झालं, थोडं जाईल, थोडं राहील. भाभींचा श्वास अडकला होता. मुलाच्या अम्मी थोडा वेळ गप्प बसल्या, मग त्यांनी फक्त पाण्याबद्दल विचारलं. अजून तिकडून होकार नाही, नकारही नाही.

पुतणी आता एका शाळेत शिकवते. परवा तिच्या वर्गात एका मुलाच्या दातांवर तसेच पट्टे दिसले. तो मुलगा मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला. तिने त्याला ओरडलं नाही. त्याच्या आईला बोलावून विचारलं, "गावाकडे पाणी कुठलं पिता?"