वही कोणाच्या हातात?

अकलूज

चि. मृणाल हीस,


तुम्ही चौघी मैत्रिणी मिळून रॅप करता, हे सांगताना दादाचा आवाज चढला होता. सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटलांच्या नावाने इथे लावणी स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा आमच्या मामंजींचाही असाच चढला होता. घरंदाज बायका आणि लावणी! तरी आम्ही जावा-जावा गेलोच. चाळ बांधलेल्या बाईने पेटीवाल्याकडे बघून नुसती भुवई उचलली आणि त्याने लय बदलली, हे तिथे जवळून पाहिलं. मंचावर हुकूम तिचा. संगीत बारीची पार्टीही बाईच्या नावाने ओळखली जाते. सत्यभामाबाई पंढरपूरकर, यमुनाबाई वाईकर ही नावं तर गावासकट गाजली.

तुझ्या रॅपची कुळकथाही मी वाचून काढली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1970 च्या दशकात पोरं माइक घेऊन उभी राहिली, त्यांत मुलीही होत्या. ‘मर्सिडीज लेडीज’ हा नुसत्या मुलींचा ताफा तिथलाच. पण मुलींच्या ताफ्याची पहिली रॅप रेकॉर्ड निघाली ती दूर साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियाच्या तिघींची. शुगरहिल गँग या रॅप ताफ्याचा कार्यक्रम त्यांच्या गावात आला होता. शेरिल कुक, ग्वेंडोलिन चिझम आणि अँजी ब्राउन सरळ रंगमंचामागे शिरल्या आणि सिल्व्हिया रॉबिन्सनला रॅप म्हणून दाखवलं. ही सिल्व्हिया स्वतः गायिका, शिवाय शुगरहिल रेकॉर्ड्सची कर्तीधर्ती. ऐकणारी बाई होती म्हणून काम झालं, असं माझं मत. 1979 मध्येच ‘फंक यू अप’ बाजारात आलं. ताफ्याचं नाव ‘द सीक्वेन्स’. त्यांतली अँजी पुढे अँजी स्टोन म्हणून मोठी गायिका झाली. 2025 मध्ये अपघातात गेली बिचारी.

मला सगळ्यात आवडली ती रॉक्झॅन शांते. भाव न देणाऱ्या रॉक्झॅन नावाच्या मुलीवर यूटीएफओ या ताफ्यातल्या पोरांनी गाणं केलं. 1984 मध्ये 14 वर्षांच्या या पोरीने रॉक्झॅन होऊन त्यांना असा जबाब दिला, की उत्तर-प्रत्युत्तराच्या रेकॉर्डींची रांगच लागली. आपल्या फडातला सवाल-जवाबच की!

मात्र एक गोष्ट खटकली. ‘सॉल्ट-एन-पेपा’ या मुलींच्या ताफ्याचा पहिला अल्बम 1986 चा, खप लाखांनी. तरी सुरुवातीची बहुतेक गाणी त्यांच्या निर्मात्याने, हर्बी अझोरने लिहिलेली. आपल्याकडे तरी काय वेगळं? सोलापूरच्या राम जोशींपासून लावण्या रचल्या शाहिरांनी. पट्ठे बापूरावांची लेखणी, गाजवायची पवळा. बाईच्या तोंडचा रुसवासुद्धा पुरुषाने लिहिलेला! पुढे त्या ताफ्यातल्या सॉल्टने ‘एक्स्प्रेशन’ हे गाणं स्वतः लिहिलं, निर्मितीही स्वतः केली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं. मुंबईच्या ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’मधल्या एमसी महिला, क्रांतीनारी या मुली आज आपापल्या भाषांत आपलंच लिहितात. त्यांना जरूर ऐक.

तुमची गाणी कुणा हुशार मित्राकडून लिहून घेऊ नका. यमक जुळलं नाही तरी चालेल. आणि रेकॉर्डिंगआधी गीतकार म्हणून चौघींची नावं कागदावर घालून सह्या करून घ्या. दादाशी मी बोलते.

तुझी,
आत्या