परड्यातली गायरी

आमच्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा माडसुद्धा मोजून घेतले. गायरी मात्र सामाईकच राहिली. वैभववाडीतल्या आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, परड्याच्या कोपऱ्यात शेणखताचा तो ढीग होताच. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, फणसाच्या साली, माशांची खवलं सगळं तिथे जाई. जेवून उठल्यावर केळीची पानं गुरांपुढे. पावसाच्या तोंडावर ते काळंभोर खत टोपल्यांनी कुणग्यांत न्यायचं, ही आम्हा भावंडांची मे महिन्यातली सुट्टी!

पातेरा भाजावळीला, सोडणं चुलीला, करवंटीची डवली, चुडताच्या हिरांचा खराटा, जुन्या लुगड्यांची गोधडी. डालड्याच्या डब्यात अबोली. चाकरमान्यांबरोबर मुंबईहून आलेली प्लास्टिकची पिशवी काकी धुऊन वलणीवर वाळत घाली. "भोक पडूक नाय, मगे टाकतंस कशाक?" असं ती विचारी आणि त्यावर कुणापाशी उत्तर नसे.

आता आम्ही चतुर्थीला जमलो, की "तेव्हा कचराच नव्हता" हे ठरलेलं वाक्य निघतं. मला ते अर्धंच पटतं. बॅटरीचे संपलेले सेल, फुटक्या बाटल्या आम्हीच व्हाळात भिरकावत होतो. पहिल्या पुरात शुक नदी ते खारेपाटणकडे न्यायची, म्हणून दिसत नव्हतं इतकंच. काटकसरही स्वभावापेक्षा गरजेची. घरात गॅस आला, गुरं विकली, आणि गायरीवर कधी फरशी पडली ते कळलंही नाही.

2015 मध्ये वाभवे-वैभववाडी नगरपंचायत झाली. गाव नागरी झालं, तसा कचराही नागरी झाला. आपल्यासारख्या देशांतल्या शहरांत कचऱ्याचं निम्म्याच्या आसपास वजन ओल्याचंच असतं. तोच सुक्यात मिसळला, की दोन्ही वाया. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याचं काम घरावरच टाकलं. आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ले नगरपरिषदेने ते करून दाखवलं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे होऊ लागले, ओल्याचा बायोगॅस झाला, प्लास्टिक दळून रस्त्यांत गेलं. डम्पिंग ग्राउंडचं चक्क पर्यटन स्थळ झालं. काकीला यात नवल वाटलं नसतं. एवढ्यासाठी साहेब कशाला लागला, असंच तिने विचारलं असतं.

शहरातल्या चौथ्या मजल्यावर खड्डा खणता येत नाही, हे मान्य. पण ज्यांना परडं आहे त्यांनी तरी निर्माल्य, केळीची पानं, माटवीची कवंडळं पिशवीत बांधून घंटागाडीत टाकू नयेत. या चतुर्थीला घरी याल तेव्हा आल्या दिवशीच हातभर खोल खड्डा खणा. गाडीला फक्त सुकं द्या, आणि सेल तेवढे वेगळे ठेवा.