पोलादी पिस्तूल, पॉलिमरचं पिस्तूल

लष्करात आमच्या वेळी पिस्तूल म्हणजे ईशापूरचं 9 मि.मी. वन-ए. बेल्जियमच्या ब्राउनिंग हाय-पॉवरवरून बेतलेलं. फ्रेमसकट सगळं पोलाद, मॅगझिनमध्ये 13 गोळ्या, भरलं की वजन किलोच्या पुढे. नवं असताना काळंभोर दिसायचं. मग वर्षानुवर्षं होल्स्टरमधून काढघाल होऊन नळीच्या तोंडाशी आणि कडांवरचा रंग उडायचा, आतलं पांढरं पोलाद चमकायला लागायचं. शस्त्रागारातला जुना हवालदार अशा खुणांवरून पिस्तूल ओळखायचा. पावसाळ्यात घामट हात लागून तसंच राहिलं, की तांबूस ठिपके उठलेच म्हणून समजा. चिंधी आणि तेलाची बाटली कायम हाताशी.

1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक 17 निवडलं आणि चित्र पालटलं. गॅस्टन ग्लॉक यांनी त्याआधी पिस्तूल कधी बनवलंच नव्हतं. त्यांच्या कारखान्यात पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या व्हायच्या. ‘प्लास्टिकचं पिस्तूल’ म्हणून लोकांनी नाकं मुरडली. विमानतळावरच्या एक्स-रेत ते दिसतच नाही, अशी अफवाही उठली. नळी आणि स्लाइड पोलादाची असताना दिसणार नाही कसं?

आज रिकामं ग्लॉक 17 सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, गोळ्या मात्र 17. पॉलिमर गंजत नाही, कडाक्याच्या थंडीत हाताला चावत नाही. फ्रेम साच्यातून निघते. पोलादी ठोकळा तासत बसायचा वेळ आणि खर्च वाचतो. आपल्या एनएसजीच्या कमांडोंकडेही ग्लॉक आलं. अमेरिकन सैन्य याच वाटेने टप्प्याटप्प्याने गेलं: 1911 सालचं पोलादी कोल्ट, 1985 मध्ये ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं बेरेटा, 2017 मध्ये पॉलिमरच्या मुठीचं सिग सावर.

तरी रेंजवर पोलादाची सर कशाला येत नाही. गोळी सुटली की हलकं पिस्तूल उसळतं, जड फ्रेम तो धक्का पिऊन टाकते आणि दुसऱ्या गोळीसाठी निशाणा पटकन जुळतो. म्हणून तर स्पर्धांमध्ये सव्वा किलोच्या वरचं सीझेड शॅडो 2 मिरवतं, आणि बेल्जियमच्या एफएन कंपनीने 2022 मध्ये हाय-पॉवर धातूच्याच फ्रेममध्ये नव्याने बाजारात आणलं.

पण जुन्या पिस्तुलांचे गोडवे गाताना आम्ही मंडळी रेंजवरचेच किस्से सांगतो. एका बाजूला ओढणारा पट्टा, दिवसभराच्या ड्यूटीनंतर कमरेवर उमटलेला वळ यांचा विषय कुणी काढत नाही. दहा तासांच्या ड्यूटीत पिस्तूल बहुधा एकदाही झाडलं जात नाही, ते नुसतं वागवलं जातं. तेव्हा नोकरीत असलेल्याने खुशाल पॉलिमर घ्यावं. पोलादाचं वजन रेंजवरच्या तासाभरापुरतं छान वाटतं.