घरातल्या बाई

आम्ही तिघं भावंडं आईला बाई म्हणायचो. कर्नाटकातल्या चिटगुप्प्याहून बसनं पोचायच्या एका खेड्यात तिची मराठी शाळा. आम्ही तिथंच शिकलो. वर्गात आई म्हटलं की पोरं हसायची, म्हणून दिवसभर बाई. मग घरी येऊन तोंडची सवय कोण मोडणार? अगं-तूगं मात्र तसंच राहिलं.

दोन शिक्षक, चार वर्ग. गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग बाईंचे. ऐंशी टक्के हजेरी भरलेल्या पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. तो मोजून द्यायची तीच, आणि कमी पडलेल्या पोराची आई येऊन बसायची आमच्या दारात. 2002-03 साली ‘अक्षर दासोह’ आलं, शाळेतच भात शिजू लागला. वाटप सुटलं; आता रोजच्या डाळीचा हिशेब.

संध्याकाळी आजी भाकरी थापत असायची आणि बाई येऊन भिंतीला टेकायची. बोलायची नाही. आपलंच काही चुकलं असं वाटून धाकटा मुकाट्यानं पुस्तक उघडायचा, कधी कधी उलटंच. आजी म्हणायची, “तिला बोलवू नका रे. अंग आंबलंय तिचं.” पुढं अक्काही शिक्षिका झाली, एका प्रशिक्षणातून ‘बर्नआउट’ हा शब्द घेऊन आली. आम्हाला आजीचाच शब्द नेमका वाटतो. जळायला कितीसा वेळ लागतो? आंबायला रात्री जाव्या लागतात.

2001 च्या जनगणनेत तर बाई फेब्रुवारीतले वीस दिवस भाकरीच्या वेळेला घरी दिसलीच नाही. शाळा सुटली की चिटगुप्प्याच्या गल्ल्या. मातृभाषेखेरीज येणाऱ्या दोनच भाषा लिहायची मुभा होती. इथं घरात मराठी, बाजारात कानडी, शेजारी दखनी, सिनेमा हिंदी, वर एखाद्या घरात तेलुगू सून! “कुठली गाळू?” म्हणून ती वैतागायची.

28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी होती. बॅटरी धरायला अक्काला घेऊन ती बसस्टँडवर गेली. पोतं पांघरून निजलेल्या एका म्हाताऱ्याला वय विचारलं, तर तो म्हणाला, पोलीस ॲक्शनच्या वेळी मिसरूड फुटत होतं. हैदराबादेत फौज शिरली त्या 1948 पासून बोटं मोजत बाईनं 69 लिहिलं. अक्का ही गोष्ट अजून सांगते, आणि दर वेळी ती रात्र जास्तच थंड होत जाते.

22 सप्टेंबर 2025 ला राज्याचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण निघालं. दसऱ्याची सुटी पुढं 18 ऑक्टोबरपर्यंत वाढली, ती पोरांना. अक्का मोबाइलमधलं ॲप आणि विजेच्या मीटरचे नंबर घेऊन दारोदार. एका संध्याकाळी आली ती त्याच भिंतीला टेकली. तिच्या लेकीनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

बाई आता निवृत्त आहे, गुडघ्यांनी बसलेली. चहाचा कप पुढं सरकवून तिनं विचारलं, “किती राहिली?”

“अकरा. सगळी कुलपं.”

“दुपारी नको जाऊस. भाकरीच्या वेळेला जा,” बाई म्हणाली, “तेव्हा सगळी घरी असतात.”